मक्याची भाकरी, कडक दाणा आणि तीस वर्षं चाललेलं बग-फिक्सिंग

या आठवड्याचा एपिसोड, लिहिलेल्या रूपात. इयरफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेल्यांसाठी, आणि "तू फार भरभर बोलतेस" असं दर वेळी कळवणाऱ्यांसाठीसुद्धा.

आजचा विषय मका. पण थिएटरातला पॉपकॉर्न नाही, आणि पावसात लिंबू-तिखट चोळून खातो ते कणीसही नाही. आज बोलायचंय भाकरीच्या मक्याबद्दल. ज्यांच्या घरी रोज मक्याचीच भाकरी होते, त्यांच्यासाठी मक्याचं चांगलं वाण तयार करायचं तर काय करावं लागतं? मला वाटलं होतं, उत्तर सोपं असेल. उत्पन्न वाढवा, पोषण वाढवा, झालं काम. पण या गोष्टीत एक असा मका आहे, जो प्रयोगशाळेत पहिल्या नंबरानं पास झाला आणि स्वयंपाकघरात सपशेल नापास झाला. तो पास करून घ्यायला जवळपास तीस वर्षं गेली.

आधी माझी फजिती

गेल्या थंडीत एका मैत्रिणीनं मला मक्याचं पीठ आणून दिलं. मी पोळीसारखी कणीक मळली, साध्या पाण्यात, आणि पोळपाट घेऊन लाटायला बसले. लाटणं उचललं तर निम्मी भाकरी लाटण्याला आणि निम्मी पोळपाटाला. शेवटी आईला व्हिडिओ कॉल केला. ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "अगं, ज्वारीची भाकरी कधी लाटतेस का? पाणी कढत घे, तळहातानं चांगलं रगड, आणि एका वेळी एकाच भाकरीचं पीठ घे." तिसरी भाकरी जमली. पहिल्या दोन्ही मीच खाल्ल्या, उपम्यासारख्या, चमच्यानं.

कारण असं. गव्हात ग्लूटेन असतं, त्याची जाळी कणकेला ताण देते. मक्यात ग्लूटेन नाही, ज्वारीत नाही, बाजरीतही नाही. मग पीठ धरून कोण ठेवणार? स्टार्च. कढत पाण्यानं स्टार्च फुगतो, थोडा चिकट होतो आणि पिठाला बांधून ठेवतो. म्हणून पंजाबात, दक्षिण राजस्थानात, झाबुआत आणि आपल्या सातपुड्यात नंदुरबारकडे मक्याची रोटी किंवा भाकरी करणाऱ्या सगळ्या बायका कढत पाणी आणि तळहात या दोन गोष्टींवरच भरवसा ठेवतात.

म्हणजे मक्याच्या भाकरीत सगळी मदार दाण्यावर. दाणा कसा आहे, दळल्यावर पीठ कसं पडतं, पाणी किती पितं, यावर भाकरी ठरते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चुन्याच्या निवळीत शिजलेला मका

आता जाऊया मक्याच्या माहेरी, मेक्सिकोला. तिथे सुमारे ९,००० वर्षांपूर्वी बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते नावाच्या रानगवतातून माणसानं मका घडवला. आणि त्याची भाकरी करण्याची एक अफाट युक्तीही तिथल्याच लोकांनी शोधली.

मक्याचे अख्खे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे. मग त्याच पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचे. सकाळी चोळून धुवायचे, की वरचं साल सुटून येतं. या दाण्यांना म्हणतात निश्तामाल. ते ओलेच वाटायचे. पूर्वी मेताते नावाच्या दगडी पाट्यावर वाटायचे, आपल्या पाट्या-वरवंट्याचाच भाऊ. जो गोळा तयार होतो तो मासा, आणि मासा थापून तव्यावर भाजली की टॉर्टिया. तव्याला तिकडे कोमाल म्हणतात.

चुना इथे तीन कामं करतो. एक, साल सैल करतो आणि दाण्यातले धागे विरघळवून पिठाला चिकटपणा देतो. त्यामुळे टॉर्टिया गुंडाळली तरी तुटत नाही. दोन, कॅल्शियम देतो. तीन, मक्यात अडकून बसलेलं नायासिन हे जीवनसत्त्व मोकळं करतो. हे तिसरं काम किती मोठं आहे ते बाकीच्या जगाला फार उशिरा कळलं. युरोपनं मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. मग उत्तर इटलीत, आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे गरीब माणूस मक्यावरच जगत होता, तिथे पेलाग्रा हा आजार पसरला. कातडी काळवंडायची, जुलाब लागायचे, शेवटी डोक्यावर परिणाम व्हायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी कॉपी केली, पण सोबतची रीडमी फाइल वाचलीच नाही.

ताटात तरीही काय कमी पडतं?

चुन्यानं नायासिनचा प्रश्न सुटला. प्रथिनांचा नाही सुटला.

मक्यात साधारण ९–१० टक्के प्रथिन असतं. आकडा वाईट नाही. पण त्यातलं निम्म्याहून जास्त असतं झीन नावाचं प्रथिन, आणि झीनमध्ये लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन अमिनो आम्लं जवळपास नसतातच. शरीर ही दोन्ही स्वतः बनवू शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात.

समजा, तुम्ही वीस रंगांच्या मण्यांची माळ ओवताय आणि प्रत्येक पदरात वीसही रंग लागतात. लाल मणी संपले, की बाकीचे डबे भरलेले असूनही माळ थांबते. मका खाणाऱ्या शरीराचं तसंच होतं. प्रथिन पोटात जातं, पण मोठा भाग कामी येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग सोबत डाळ खा. बरोबर. डाळीत लायसिन भरपूर असतं. मेक्सिकोत टॉर्टियासोबत राजमा असतो, आपल्याकडे भाकरीसोबत पिठलं किंवा आमटी असते, ही जोडी उगाच जमलेली नाही. प्रश्न येतो तो ज्या घरात डाळ रोज परवडत नाही तिथे. आणि सगळ्यात आधी येतो वर-वरच्या खाण्याला लागलेल्या लहान बाळांचा, कारण त्यांच्या पोटात जागाच कमी. त्या जागेत मक्याची पेजच भरली, तर वाढीला लागणारं प्रथिन जाणार कुठून?

ओपेक-२ : लॅबमध्ये हिट

अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये १९२० च्या दशकात मक्याचं एक विचित्र रूप सापडलं होतं. नेहमीचा दाणा उजेडासमोर धरला तर काचेसारखा थोडा झिरपता दिसतो. हा दाणा खडूसारखा, अपारदर्शक. म्हणून नाव पडलं ओपेक-२. पुढची अनेक वर्षं ती फक्त एक गंमत म्हणून बियाण्यांच्या पाकिटात पडून होती.

मग १९६४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या एडविन मर्त्झ, लिन बेट्स आणि ऑलिव्हर नेल्सन यांनी जाहीर केलं, की या दाण्यात लायसिन नेहमीच्या जवळपास दुप्पट आहे! ट्रिप्टोफॅनही वाढलेलं.

हे होतं कसं? ओपेक-२ हे जनुक एक स्विच आहे. ते चालू असलं की झीन बनवणारी बरीच जनुकं चालू होतात. ते बिघडलं की झीन कमी बनतं, आणि त्याची जागा लायसिनवाली दुसरी प्रथिनं घेतात. म्हणजे पोषण "वाढवणारं" जनुक वगैरे काही नाही. एक स्विच बंद पडला आणि त्याचा चांगला साइड इफेक्ट झाला, एवढंच.

जगभर उत्साह पसरला. आपल्याकडेही १९७१ मध्ये शक्ती, रतन आणि प्रोटिना अशी ओपेक-२ ची तीन वाणं आली. नावं बघा ना, किती आशेनं ठेवलीत.

स्वयंपाकघरात फेल

आणि मग शेतकऱ्यांनी ती नाकारली. का?

झीन कमी झालं म्हणजे दाण्याचं सिमेंटच कमी झालं. स्टार्चचे कण एकमेकांना घट्ट धरेनात. दाणा झाला मऊ, ठिसूळ आणि वजनाला हलका. उत्पन्न दहा टक्क्यांच्या आसपास घटलं, कधी त्याहून जास्त. कणीस उशिरा वाळायचं, कुजायचं जास्त. घरात साठवलं तर सोंडे किडे आधी याच्यावर पडायचे, कारण मऊ दाणा पोखरायला सोपा.

आणि टॉर्टिया? मऊ दाणा चुन्याच्या पाण्यात लवकर गळायचा, त्याचा पिठूळ भाग पाण्यातच निघून जायचा. गोळा हवा तसा घट्ट येईना. शिवाय मेक्सिकोतल्या शेतकऱ्याच्या डोळ्याला चांगला मका म्हणजे कडक आणि चमकदार मका. हा खडूसारखा निस्तेज दाणा बघून त्याला वाटायचं, हा तर रोगट दिसतोय.

आता सांगा, यात चूक कोणाची? शेतकरी अडाणी होता का? अजिबात नाही. त्याच्या टेस्ट वेगळ्या होत्या. पोतं किती भरलं, कणगीत किती टिकलं, भाकरी वळली का. वाण तयार करणाऱ्यांनी एकच टेस्ट लावली होती, लायसिन किती. ती पास झाली आणि त्यांनी रिलीज केलं. माझ्या क्षेत्रात याला रिग्रेशन म्हणतात. नवं फीचर आलं, पण आधी नीट चालणाऱ्या पाच गोष्टी मोडल्या.

१९७० च्या दशकात बहुतेकांनी हा विषय सोडून दिला. पैसाही आटला.

एक ब्रीडर, एक केमिस्ट आणि दिव्याचं टेबल

सोडला नाही तो मेक्सिको सिटीजवळच्या सिमिट या आंतरराष्ट्रीय मका आणि गहू संशोधन केंद्रातल्या एका जोडीनं. एव्हँजेलिना व्हिएगास या मेक्सिकन धान्य-रसायनतज्ज्ञ. आणि सुरिंदर वासल, आपले अमृतसरचे, म्हणजे मक्याच्या रोटीच्या मुलखातलेच.

त्यांच्या हाताशी एक बारीक निरीक्षण होतं. ओपेक-२ च्या काही कणसांत सगळेच दाणे खडूसारखे नव्हते. काही अर्धवट काचेसारखे होते. म्हणजे दाण्यात दुसरी काही जनुकं होती, जी मऊपणा झाकून दाणा पुन्हा कडक करत होती. यांना मॉडिफायर जनुकं म्हणतात. आज आपल्याला माहीत आहे, की त्यांच्यामुळे गामा-झीन नावाचं वेगळं प्रथिन वाढतं आणि ते सिमेंटचं काम करतं. तेव्हा एवढं कळलेलं नव्हतं. पण निवड करायला ते कळणं गरजेचंही नव्हतं. डोळा पुरेसा होता.

पद्धत अशी. एक टेबल घ्या, वर काच, खाली दिवा. काचेवर दाणे पसरा. उजेड झिरपतो तो दाणा कडक, सावली पडते तो मऊ. कडक निवडा, पेरा, संकर करा, पुन्हा टेबलावर.

पण इथेच मोठा सापळा आहे. तुम्ही निवडलेला सुंदर कडक दाणा कदाचित साधा मकाच असेल! म्हणजे ओपेक-२ निसटलं आणि म्हणून दाणा कडक झाला. ओपेक-२ हे अप्रभावी जनुक. त्याचा परिणाम दिसायला आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून बिघडलेलीच प्रत यावी लागते. नुसत्या डोळ्यानं निवडत गेलात, तर काही पिढ्यांत पोषण शून्यावर येईल. नुसत्या लॅबच्या आकड्यानं निवडत गेलात, तर परत खडू.

म्हणून दर पिढीला दोन्ही टेस्ट. वासल टेबलावर दाणे निवडत, व्हिएगास यांची लॅब त्यांचं प्रथिन आणि ट्रिप्टोफॅन मोजत असे. ट्रिप्टोफॅनच का? कारण ते मोजायची चाचणी सोपी आणि स्वस्त होती, आणि लायसिन त्याच्यासोबतच वर-खाली होतं. वर्षाला २५,००० पर्यंत नमुने तपासण्याची त्या लॅबची ताकद होती. दोन्हीत पास झालेलाच दाणा पुढे जायचा. यात कसली जादू नव्हती, खूप वर्षं न कंटाळता केलेलं तेच ते काम होतं.

१९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांच्याकडे असा मका तयार होता, जो दिसायला आणि उत्पन्नाला साध्या मक्यासारखा, पण लायसिन-ट्रिप्टोफॅन जवळपास दुप्पट. नाव पडलं क्वालिटी प्रोटीन मेझ, थोडक्यात क्यूपीएम. १९९२ मध्ये घानात याच कुळातलं ओबातान्पा हे वाण आलं. त्या नावाचा अर्थ, बाळाला नीट दूध पाजणारी आई. २००० साली वासल आणि व्हिएगास यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. हे बक्षीस मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे व्हिएगास.

याचा मुलांना खरंच उपयोग होतो का? २०१० मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. जिथे आहारात मकाच मुख्य आहे आणि मुलं थोडीफार कुपोषित आहेत, तिथे क्यूपीएम खाणाऱ्या मुलांच्या वजनवाढीचा वेग १२ टक्के आणि उंचीवाढीचा वेग ९ टक्के जास्त दिसला. हा चमत्कार नाही, आणि डाळ-दूध मिळणाऱ्या मुलाला याचा विशेष फरक पडणार नाही. पण ज्याच्या ताटात मकाच आहे, त्याच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही.

आपल्याकडे काय झालं?

भारतात २००५ मध्ये हरियाणातून एचक्यूपीएम-१ हा संकरित वाण आला. मग २००८ मध्ये अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेचा विवेक क्यूपीएम ९. हा मला फार आवडतो. तिथे विवेक हायब्रिड ९ हा पहाडात आधीच चालणारा संकर होता. नवा कोरा मका आणण्याऐवजी त्याच्याच आई-बापांत ओपेक-२ बसवलं. तेही रोपाच्या पानातला डीएनए तपासून. कारण ओपेक-२ च्या आतच एक ओळखीची खूण, म्हणजे मार्कर, आहे. दाणा भरायची वाट बघायची गरज नाही, रोप लहान असतानाच कळतं कोण ठेवायचं आणि कोण काढायचं. पुढे २०१७ मध्ये दिल्लीच्या पुसा संस्थेनं याच वाणात अ-जीवनसत्त्वाचा कच्चा माल वाढवला. नाव, पुसा विवेक क्यूपीएम ९ इम्प्रूव्हड.

म्हणजे चालत्या सिस्टिमवर एक छोटा पॅच, मग त्यावर दुसरा. शेतकऱ्याला ओळखीचंच वाण, तीच पेरणी, तीच कापणी.

मग सगळीकडे हाच मका का नाही?

इथे खरी गंमत आहे, आणि थोडं वाईटही वाटतं.

पहिली अडचण परागाची. मक्याचे पराग वाऱ्यावर उडतात, आणि कणसातल्या प्रत्येक दाण्याचा बाप वेगळा असू शकतो. शेजारच्या शेतातल्या साध्या मक्याचे पराग आले, की तो दाणा त्याच हंगामात साधा होतो. ओपेक-२ अप्रभावी आहे ना, म्हणून. बियाण्याचं शेत लांब, वेगळं ठेवावं लागतं. एक-दोन एकर वाटणीत आलेल्या माणसाला हे कसं जमणार?

दुसरी अडचण बाजाराची. जुना ओपेक-२ दिसायला वेगळा होता, म्हणून नाकारला गेला. नवा क्यूपीएम दिसायला अगदी साध्या मक्यासारखा आहे, म्हणून त्याला वेगळा भाव मिळत नाही. आडत्याला दोन पोती दाखवली तर तो ओळखूच शकत नाही. ओळखायचं तर लॅब लागते.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. आपल्या देशातल्या मक्याचा मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्याला जातो. बाकी स्टार्चला, आणि अलीकडे इथेनॉललाही. हे गिऱ्हाईक मोठं आहे, त्याला टनात माल हवा. साहजिकच बियाणं कंपन्या त्याच्याकडे बघून वाण काढतात. सातपुड्यातल्या अनेक घरांना भाकरीसाठी पांढरा मका हवा असतो, चवीचा, चांगली भाकरी वळणारा. पण अ-जीवनसत्त्वासाठी दाणा केशरीच लागतो. म्हणजे पोषणवाल्यांचं आणि भाकरीवाल्यांचं इथे पुन्हा जुळत नाही. ही तीच ओपेक-२ ची गोष्ट आहे, फक्त रंग बदललाय.

मला या सगळ्यातून एकच कळलं. भाकरीसाठी वाण काढायचं तर भाकरी थापणाऱ्या बाईची टेस्ट पहिल्या दिवसापासून यादीत हवी. पीठ किती पाणी पितं, भाकरी फुगते का, दुपारी डब्यातून काढल्यावर मोडते का. हे शेवटी बघू म्हटलं, की पुन्हा तीस वर्षं जातात. वासल आणि व्हिएगास यांनी नवा दाणा शोधला नाही. नापास झालेला दाणाच त्यांनी उचलला, शेतकऱ्यानं तो का नाकारला ते मनापासून ऐकलं, आणि तेवढंच दुरुस्त करत बसले.

ऐकणाऱ्यांपैकी कोणी नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा भागातलं असेल, तर एक काम करा. तुमच्या घरी भाकरीला कुठला मका वापरतात आणि तोच का, हे आजीला किंवा आईला विचारा आणि तिच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडची सुरुवात त्या आवाजानं करू. ती काय सांगते ते मला तरी ऐकायचंय.

आणि हो, पाणी कढत घ्या. भेटू पुढच्या आठवड्यात.